परंड्याला न आलेली गाडी

वाहनावर रंगवलेले मालकाचे नाव हाही एक मजकूरच आहे, असे म्हटले तर मराठीच्या अध्यापकांनी आपल्या विषयाचे कुंपण विनाकारण पुढे सरकवले, असा आक्षेप येणे साहजिक आहे. तरीही तसे म्हणावेसे वाटते. मालडब्याच्या अंगावरची कंपनीची आद्याक्षरे, बसच्या कपाळावरची गावाची पाटी, लॉरीच्या पुढच्या फळीवरचे दोन शब्द, या मजकुराला लिहिणारा असतो, काळ असतो, लिपी असते आणि मुख्य म्हणजे त्यात एक दावा असतो. हे वाहन कोणाचे, कोठून कोठे जाणारे, कोणाच्या अमलाखाली धावणारे, हे त्या चार-सहा अक्षरांत सांगितलेले असते. अक्षरे खोटी निघाली म्हणून वाहन चालायचे थांबत नाही; पाहणाऱ्याचा त्यावरचा विश्वास मात्र उडतो. आणि लहान आकाराच्या प्रतिकृतीजवळ तर विश्वासाखेरीज दुसरे भांडवलच नसते.

हा विषय आमच्याकडे पुस्तकांतून आला नाही, परसातून आला. आम्ही पतिपत्नी परंड्यात महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरामागे एक लिंबाचे झाड आहे, अळूचे दोन वाफे आहेत, आणि त्यांच्यामधून गेली काही वर्षे बत्तीस मिलिमीटर रुंदीचा एक लोहमार्ग जातो. बागेतली आगगाडी हा छंद आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. जर्मनीत न्युरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ साली ‘एलजीबी’ या नावाने ऊनपावसात टिकणाऱ्या मोठ्या आकाराच्या गाड्या बाजारात आणल्या, त्यानंतर तो तिकडच्या मध्यमवर्गीय घरांत बराच पसरला. आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे. भाऊ जोशी यांनी कोथरूड भागात उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले आणि महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना छोट्या रेल्वेचे वेड त्याने लावले. ते छताखालचे जग आहे. आमचे उघड्यावरचे, आणि तेही काळ्या मातीवरचे.

काळ्या मातीचा उल्लेख सहज केलेला नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचे बोट जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर रूळ थेट टाकले तर एका हंगामात त्यांची लाट होते. म्हणून दीड फूट चर खणून त्यात मुरूम भरावा लागला, चोपून घट्ट करावा लागला, आणि त्यावर बारीक खडी अंथरून मग रूळ. पितळी रुळाचा दहा मीटरांचा तुकडा तीस अंशांच्या फरकाने साडेपाच-सहा मिलिमीटर वाढतो. तेवढी फट सांध्यांमध्ये ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत प्लास्टिकच्या गाड्या दुपारी बाहेर ठेवल्या तर त्यांच्या कडा वळतात, त्यामुळे आमचे वेळापत्रक सकाळी आठच्या आतले आणि संध्याकाळी सहानंतरचे. ज्या कारखान्यांत ही खेळणी घडतात त्या मुलखांत हिवाळ्यातला बर्फ हा प्रश्न असतो, परंड्यात ऊन. छंद परका असला तरी त्याचे प्रश्न लगेच स्थानिक होतात, हा पहिला धडा आम्हांला या चरानेच दिला.

परंड्याला रेल्वे नाही, कधी नव्हती. परंतु परंड्याच्या पूर्वेला बार्शी आणि दक्षिणेला कुर्डुवाडी ही दोन्ही गावे साधारण पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहेत, आणि या दोहोंना जोडणारी बार्शी लाईट रेल्वे हे जगातल्या अरुंदमापी रेल्वेच्या इतिहासातले एक मानाचे प्रकरण आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती योजली. तिची कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदली गेली आणि १८९७ साली एकवीस मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण लांबी दोनशे दोन मैल झाली. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅल्थ्रॉपचा मुख्य विचार असा की, इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. सर्व आसांवर तो सारखा विभागला तर हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो. त्याने डब्यांची चौकटही एकाच मापाची ठेवली, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. दाबीव पोलादाच्या या चौकटी स्वतः हलक्या असल्याने मालासाठी अधिक वजन मोकळे राही. १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, आणि २००८ साली कुर्डुवाडी ते लातूर हा सगळा मार्ग रुंदमापी झाल्यावर या भागातली छोटी गाडी संपली.

प्रतिकृतीचे गणित इथून सुरू होते, आणि आमच्या मते ते निव्वळ गणित नाही. एलजीबीच्या रुळांची रुंदी पंचेचाळीस मिलिमीटर आणि गाड्यांचे प्रमाण एकास साडेबावीस. गुणाकार केला की एक मीटर रुंदीची रेल्वे मिळते. आमच्या मराठवाड्यात मीटरमापी रेल्वे होती ती निजामाच्या राज्यातली, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी. उलट बत्तीस मिलिमीटरांचे रूळ घेतले आणि प्रमाण एकास चोवीस धरले तर ७६८ मिलिमीटर येतात. बार्शी लाईटच्या मापापेक्षा हे फक्त सहा मिलिमीटर जास्त, प्रतिकृतीत पाव मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारे. १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या मुलखात होते आणि बार्शी-कुर्डुवाडी इंग्रजांच्या. म्हणजे दुकानातून कोणत्या रुंदीचे रूळ मागवायचे, याबरोबर सीमेच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हेही ठरत होते. परंड्याच्या माणसाने रेल्वेसाठी नेहमी सीमा ओलांडली. आम्हीही बत्तीस मिलिमीटर घेतले.

एवढे ठरले तरी बार्शी लाईटचा डबा कोणत्याही दुकानात मिळत नाही. मिळतात ते परदेशी अरुंदमापी गाड्यांचे साचे. सुदैवाने कॅल्थ्रॉपच्याच सल्ल्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी रेल्वे झाली. १९०४ ते १९३४ अशी अवघी तीस वर्षे ती चालली. लीड्सच्या ज्या किटसन कारखान्याने बार्शीची पहिली इंजिने घडवली, त्याच कारखान्याने तिचीही दोन इंजिने घडवली. त्यांतल्या एकाला कॅल्थ्रॉपचेच नाव होते. इंग्लंडच्या हिरव्या दरीतून धावणाऱ्या त्या गाडीचा तोंडवळा हिंदुस्थानी वाटे, याचे कारण तिचे गोत्र बार्शीचे होते. तिकडचे हौशी लोक तिच्या प्रतिकृती आजही करतात. तेव्हा आम्हांला जवळच्या मापाचा साचा हवा असेल तर तो या दूरच्या भावकीकडून घ्यावा लागतो आणि मग त्याला बार्शीचा करावा लागतो.

हे ‘बार्शीचे करणे’ म्हणजे नेमके काय? मराठी नाटकाच्या अभ्यासकांना ही क्रिया नवी नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंजारराव’ केले. ऑथेल्लोचा झुंजारराव होतो, डेस्डिमोनाची कमळजा होते, कथानकाची चौकट तीच राहते, पण पात्रे ज्या घरांत वावरतात ती घरे बदलावी लागतात, नाती बदलावी लागतात, कोण कोणास काय म्हणून हाक मारतो हे बदलावे लागते. नुसती नावे बदलली तर पात्रे मराठी पोशाख केलेल्या परक्यांसारखी दिसतात. आमच्या मालडब्याचेही तसेच. विकत घेतलेल्या डब्यावरचा रंग काढायचा आणि कंपनीची आद्याक्षरे लिहायची एवढ्याने तो बार्शीचा होत नाही. पंचवीस फूट लांबी म्हणजे प्रतिकृतीत ३१८ मिलिमीटर, सात फूट रुंदी म्हणजे ८९. साचा आखूड असेल तर तो मधोमध कापून जोड द्यावा लागतो. जोडाच्या फटीत रंगारी भरतात तशी लांबी भरायची, ती वाळली की पाण्याचा पॉलिश पेपर, मग अस्तराचा एक हात, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड हात मारला की खिळ्यांची डोकी बुजतात, आणि खिळ्यांची डोकी बुजलेला डबा पाहणाऱ्याला न कळत खेळण्यासारखा दिसू लागतो. धुळीसाठी दुकानातली पावडर आम्ही आणत नाही. परसातलीच माती वस्त्रगाळ करून ओल्या वार्निशावर फुंकतो. या बाबतीत तरी देशीयतेची सोय आम्हांला फुकट आहे.

त्यानंतर अक्षरे. आणि अक्षरांपाशी आमच्या घरातले तिसरे माणूस या उद्योगात आले.

आमच्यातल्या एकाचे ते वडील. दुसरी त्यांना मामा म्हणते. या लेखापुरते त्यांना दादा म्हणू. दादा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी म्हणून लागले, पुढे रंगकाम शिकले आणि डब्यांवर अक्षरे लिहिण्याचे काम करत २००३ साली निवृत्त झाले. मध्य रेल्वेची आद्याक्षरे, डब्याचा क्रमांक, वजन, परतीची तारीख, ‘धूम्रपान मना है’ ही त्यांची वाङ्मयसंपदा. छोटी गाडी बंद झाली तेव्हा डबे भंगारात गेले. दादांनी पस्तीस वर्षांत हजारो अक्षरे लिहिली असतील. त्यांतले एकही आज कुठल्या डब्यावर उभे असलेले आम्हांला सापडलेले नाही. शिलालेख कोरणाऱ्याचे, ताम्रपट लिहिणाऱ्याचे नाव आपण अभ्यासक्रमात सांगतो. पत्र्यावर लिहिणाऱ्याचे अक्षर मात्र पुढच्या रंगाच्या हाताखाली जाते, आणि शेवटी पत्र्याबरोबर वितळते.

दादांचा हात आता कापतो. परंतु रंगाऱ्याजवळ हाताला टेकू द्यायची एक काठी असते, तिच्या टोकाला कापडाचा बोळा बांधलेला असतो. डाव्या हाताने ती धरून उजवे मनगट तिच्यावर टेकवले की कंप पुष्कळच कमी होतो. दादांनी बांबूच्या कामटीची तशी वीतभर काठी केली, भिंगाचा चष्मा लावला, आणि सहा इंचांचे अक्षर सव्वासहा मिलिमीटरांत कसे बसते ते आम्हांला दाखवले. डब्यावर सूत मारून घ्यायचे. मग शब्दातले मधले अक्षर आधी मधोमध टाकायचे आणि दोन्ही बाजूंना पसरत जायचे, म्हणजे शेवटच्या अक्षराला कोपऱ्यात कोंबावे लागत नाही. दोन अक्षरांमधले अंतर पट्टीने मोजायचे नाही, कारण ‘ग’ आणि ‘म’ यांच्यामध्ये जेवढी हवा लागते तेवढी ‘ट’ आणि ‘ठ’ यांच्यामध्ये लागत नाही. “अक्षर आधी डोळ्यानं बसवायचं, मग हातानं,” एवढेच त्यांचे शास्त्र.

आता काळाचा प्रश्न आला. १९५४ पूर्वीचा प्रसंग उभा करायचा असेल तर डब्यावर कंपनीची रोमन आद्याक्षरे हवीत. कंपनीच्या नावात बार्शीचा ‘श’ नव्हता. रोमन लिपीतला एच गाळून इंग्रजांनी गावाला ‘बार्सी’ केले होते. त्यानंतरचा काळ घ्यायचा असेल तर मध्य रेल्वे. आमच्यातल्या एकाला कंपनीचा काळ हवा होता, कारण कंपनीची शान वेगळी. दुसरीचे म्हणणे, जो काळ घरातल्या माणसाच्या हातात आहे तो सोडून कागदातल्या काळाकडे का जायचे? वाद आम्ही मिटवला नाही, वाटून घेतला. चार डबे कंपनीचे, चार मध्य रेल्वेचे, आणि दोन्ही गाड्या एका वेळी रुळावर आणायच्या नाहीत हा नियम. कादंबरीतल्या कालविपर्यासावर वर्गात आपण बोट ठेवतो; परसात तो चालवून घेणे शोभले नसते. कंपनीच्या डब्यांवर लिहायला दादांनी नकार दिला नाही, पण “ही अक्षरं माझ्या हातची न्हाईत, बघून काढलेली हायत,” असे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मूळ आणि प्रत यांतला हा भेद आम्ही संहिताचिकित्सेच्या तासाला इतका नेटका क्वचितच मांडला असेल.

खरा पेच पुढे आला. रूळ लिंबाला वळसा घालून कुंपणापाशी संपतात. तिथे एक स्थानक करायचे आणि त्याला परंडा हे नाव द्यायचे, शेवटच्या डब्याच्या अंगावर ‘कुर्डुवाडी–परंडा’ अशी पाटी लावायची, असा एक विचार घरात होता. परसातली रेल्वे ही तर कल्पितच. कुर्डुवाडी ते बार्शी हे चौतीस किलोमीटरांचे अंतर एकास चोवीस प्रमाणात आणायचे तरी चौदाशे मीटर जागा लागेल, ती कोणाच्या परसात असते? आमच्याजवळ चाळीस मीटरही नाहीत. मग जिथे अंतर खोटे आहे तिथे आणखी एक स्थानक खोटे असले तर बिघडले कुठे? गावाची इच्छा तरी पुरी होईल. वास्तवात जे घडले नाही ते घडवून दाखवणे हेच तर साहित्याचे काम, असा युक्तिवाद आमच्यापैकी एकाने केलाही.

दादांनी कुंचला खाली ठेवला. “परंड्याला गाडी कवा आली हुती? न आल्येल्या गाडीवर गावाचं नाव म्या लिवणार न्हाई.”

आम्ही दोघांनीही हा नकार आधी रेल्वेतल्या माणसाची शिस्त म्हणून घेतला. नंतर त्यावर बोलत गेलो तसे त्यात अधिक काही दिसू लागले. अंतर आखूड करणे ही प्रतिकृतीची परिभाषा आहे. नाटकात पडदा पडतो आणि सहा महिने जातात, त्याला कोणी खोटे म्हणत नाही. पण ज्या गावाने शंभरावर वर्षे रेल्वेसाठी दुसऱ्या गावाचा रस्ता धरला, त्याच्या नावाची पाटी डब्यावर लावणे म्हणजे त्या रस्त्यावर चाललेल्या माणसांचे चालणे पुसून टाकणे. इच्छापूर्ती झाली खरी, पण ती कोणाच्या अनुभवाच्या किमतीवर? ग्रामीण साहित्यावर बोलताना आपण अनुभवाच्या अस्सलपणाची कसोटी लावतो. ती कसोटी इथे, नऊ सेंटिमीटर रुंदीच्या डब्यावर, एका रंगाऱ्याने लावली होती.

विशेष म्हणजे रेल्वेची स्वतःची भाषा या बाबतीत प्रामाणिक होती. मुख्य मार्गावरच्या कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ होते, आणि बार्शीतल्या स्थानकाचे ‘बार्शी टाउन’. ‘रोड’ या शब्दाचा अर्थ साधा आहे: हे ते गाव नव्हे, इथून त्या गावाचा रस्ता लागतो. स्थानकाच्या नावातच रेल्वे आपली मर्यादा सांगून टाकते. आमच्या कुंपणापाशी मग बार्शी टाउनच राहिले, आणि परंडा कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याने जायचे गाव.

परंड्याचा सगळा इतिहासच तसा रस्त्याचा आहे. इथल्या भुईकोट किल्ल्यातली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला गेली, तीही ओढत, रस्त्यानेच. तिचे वजन सुमारे पंचावन्न टन सांगतात. कॅल्थ्रॉपच्या पाच टनांच्या हिशेबाने, डब्यांचे स्वतःचे वजन मुळीच न धरताही, तिच्याखाली अकरा आस लागले असते. हा हिशेब आम्ही विद्यार्थ्यांना घालतो तेव्हा बार्शी लाईटची ताकद आणि तोफेची ताकद दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम येतात.

तेव्हा आमच्या बागेतली महत्त्वाची वाहने रुळांवरची नव्हेत, स्थानकाबाहेर उभी असलेली ठरली, आणि आमचे बरेचसे श्रम तिकडे वळले. कंपनीच्या काळासाठी एक बैलगाडी केली. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. निजामाच्या राज्यातही रेल्वे खात्याने स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या होत्या. जून १९३२ मध्ये सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर एवढ्यावर ते खाते उभे राहिले, आणि रेल्वेकंपनीच्या नावाने रस्त्यावर धावणारी वाहने हे त्या काळचे नवल होते. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी सुटली. १९६१ साली मुंबई राज्याची, मराठवाड्याची आणि विदर्भाची अशा तिन्ही व्यवस्था एकत्र येऊन आजचे महामंडळ झाले. परंडा आणि बार्शी यांच्यामधल्या सीमेवर ज्या दोन व्यवस्था समोरासमोर होत्या त्या अशा एका रंगाखाली आल्या. मराठवाड्याच्या एकीकरणावर पुष्कळ लिहिले जाते, परंतु एका गावच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते प्रथम कळले असेल ते बहुधा बसच्या अंगावरच्या अक्षरांतून.

मध्य रेल्वेच्या काळासाठी एक लॉरी आणि एक बस. लॉरी एकास चोवीस प्रमाणातली, परदेशी बनावटीची तयार घेतली. तिचे सुकाणू डावीकडे होते. ते उजवीकडे आणण्यासाठी आतली बाजू पूर्ण उकलावी लागली; टपाखालून न दिसणारी ही गोष्ट का करायची असे कोणी विचारील, पण चालकाची मूर्ती बसवल्यावर ती दिसतेच. मागे लाकडी हौदा, त्यावर ताडपत्री. पुढच्या फळीवर काय लिहायचे हे तारखेवर ठरते. १९३९ च्या मोटार कायद्यात मालवाहू गाड्यांचे ‘पब्लिक कॅरिअर’ आणि ‘प्रायव्हेट कॅरिअर’ असे भेद होते. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि तो भेद गेला. आमचा प्रसंग नव्वदच्या दशकातला म्हणून ‘गुड्स कॅरिअर’. दोन शब्द, पण त्यांत एक कायदा गेला आणि दुसरा आला.

बस मात्र दुकानात मिळाली नाही आणि तिची आम्हांला गरजही पडली नाही. महाराष्ट्रात सनबोर्डाची, फोमच्या पत्र्याची एसटी घरी करणारी तरुण मुले आज गावोगाव आहेत. ज्या गाडीला आपण लाल डबा म्हणत आलो तिच्यावर ही मुले किती प्रेम करतात हे त्यांचे काम पाहिल्यावर कळते. त्यांच्याच रीतीने आम्ही सेहेचाळीस सेंटिमीटरांची बस केली, म्हणजे खरी सुमारे अकरा मीटरांची. खिडक्यांचे गज, मागची शिडी, टपावरची जाळी, ‘आपत्कालीन मार्ग’. क्रमांकात एमएच-२० ही अक्षरे. जिल्ह्याचा क्रमांक एमएच-२५ असताना हे कसे, असे एका विद्यार्थ्याने विचारले. एसटीच्या गाडीचा क्रमांक ती कोणत्या आगारात धावते ते सांगत नाही, तिची बांधणी कोणत्या कार्यशाळेत झाली ते सांगतो; एमएच-२० म्हणजे चिकलठाण्याची कार्यशाळा. बसच्या बाजूला विभागाचे नाव उस्मानाबाद असेच आहे. २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, आणि आजची बस केली असती तर तसेच लिहिले असते. नाव बदलण्याविषयी ज्याचे त्याचे मत असो. विसाव्या शतकातल्या बसवर एकविसाव्या शतकातले नाव लिहिणे हा मात्र मताचा प्रश्न नव्हे.

राहिली पाटी. ती लिहायला दादा आपण होऊन बसले. पाटीची जागा अवघी अडीच सेंटिमीटर. गावाचे नाव काही ठिकाणी ‘परंडा’ असे तर काही ठिकाणी ‘परांडा’ असे लिहिलेले आढळते. परंडा लिहिले तर जागा पुरते. परांडा लिहायचे तर एक काना वाढतो आणि अक्षरे दाटतात. आमच्यातल्या एकाने सुचवले, आखूड तेच लिहा. दादा म्हणाले, “जागा बघून गावाचं नाव लिवायचं नसतंय. नावाएवढी पाटी करायची.” मग ते म्हणाले, आपण लहानपणापासून ऐकले ते परंडा, म्हणून परंडा, जागा पुरते म्हणून नव्हे. निर्णय तोच आला, पण कारण बदलले, आणि कारण बदलल्याने पाटी निराळी झाली असे आम्हां दोघांनाही वाटले. अनुस्वार त्यांनी कुंचल्याने दिला नाही. शिवणाची सुई रंगात बुडवून, काठीवर मनगट टेकवून, श्वास रोखून तो ठिपका त्यांनी ‘र’वर ठेवला. टाचणीच्या डोक्याहून लहान. तो नसता तर बसने दुसऱ्याच कुठल्या गावाला जायला हरकत नव्हती.

वाङ्मयाच्या अध्यापकांना एवढे सगळे सांगण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतो. कल्पित साहित्याला एका मोठ्या असत्याची मुभा असते. न घडलेले घडले असे समजून चला, एवढी सवलत वाचक त्याला देतो. ती सवलत मिळाल्यावर बाकीचे तपशील सैल सोडायला हरकत नाही, असा समज नवशिक्या लेखकांत आणि कधीकधी समीक्षकांतही दिसतो. आमच्या अनुभवास आले ते उलटे. एक असत्य सांभाळायचे तर उरलेल्या सगळ्या गोष्टी अधिक कसून खऱ्या ठेवाव्या लागतात: आसावरचा भार, कायद्याची तारीख, सुकाणूची बाजू, एक अनुस्वार. आणि त्या मोठ्या असत्याचीही निवड करावी लागते. परस म्हणजे चौतीस किलोमीटर, हे असत्य कोणाचे काही हिरावून घेत नाही. परंड्याला गाडी आली होती, हे घेते. दोन्ही कल्पनाच, पण दोन्हींची नैतिक किंमत एक नाही. वास्तववादाची व्याख्या आम्ही फळ्यावर लिहून देतो, विद्यार्थी ती उतरवून घेतात. यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही एका शनिवारी परसात आणले आणि फक्त एवढेच विचारले की, यांतले खोटे काय काय आहे ते शोधा. रूळ, डबे, झाडाच्या सावलीचे प्रमाण, लिंबाचे पान डब्याएवढे दिसते ते, अशी बरीच उत्तरे आली. बसजवळ गेल्यावर एक मुलगी म्हणाली, “हे खरंय, सर. मी रोज हिनंच येते.”

असो. मार्ग रुंदमापी होताना त्याची आखणी बदलली आणि ज्या जिल्ह्याच्या गावाला छोटी गाडी कधी लागली नव्हती त्या धाराशिवला रेल्वे मिळाली. बार्शीवरून आता मोठ्या गाड्या जातात. परंड्याच्या माणसाला मात्र रेल्वेने जायचे तर अजूनही आधी एसटीने कुर्डुवाडी नाही तर बार्शी गाठावी लागते. कंपनी गेली, छोटी गाडी गेली, दादांनी लिहिलेले डबे गेले, विभागाचे नावही बदलले. आमच्या परसातल्या सगळ्या मजकुरात आजच्या तारखेलाही जसाच्या तसा खरा असलेला मजकूर एकच आहे, तो बसच्या कपाळावरचा.